कंसातले शब्द

‘नियमाला हरताळ फासला’ असे आपण सहज बोलून जातो. बोलताना हरताळ म्हणजे नेमके काय, हे मात्र कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. हरताळ हे पिवळे खनिज. पोथ्या हाताने लिहीत त्या काळी लेखनिकाच्या हातून चुकीचे अक्षर पडले, की हरताळ घोटून त्याचा लेप त्या अक्षरावर देत. अक्षर झाकले जाई आणि लेप वाळला की त्यावर दुसरे लिहिता येई. पण पिवळा डाग राही. दोनशे वर्षांनी पोथी उघडणाऱ्यालाही कळे, की इथे काहीतरी बदलले आहे. शब्द गळला असेल तर ओळीत कावळ्याच्या पायासारखी खूण करीत, तिला काकपदच म्हणत, आणि गळलेली अक्षरे समासात लिहीत. प्रकरण संपले की शेवटच्या ओळीवर गेरू चोळत. पोथीत ना परिच्छेद सोडलेले, ना शब्दाशब्दांत अंतर. डोळ्याला थांबा मिळावा म्हणून तो तांबडा रंग.

आता चूक पुसायला हरताळ लागत नाही. एक कळ दाबली की अक्षर जाते, डाग राहत नाही, पान स्वच्छ दिसते. पण डाग नसलेले पान जास्त खरे असते का? दुसऱ्या कोणाचे लिहिलेले आपण नीट करायला घेतो तेव्हा आपला हात कुठे कुठे फिरला, हे वाचणाऱ्याला दिसायला हवे की नको? नम्रता कशात आहे, हात लपवण्यात की दाखवण्यात?

हे प्रश्न पंडितांचे, घरातल्या बाईने त्यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण दुसऱ्याचे नीट करून ठेवणे हेच तर आपण जन्मभर करतो. सासूबाईंच्या हातचे लोणचे म्हणून जे पानात वाढले जाते, त्यात मीठ कोणी वाढवले आणि बुरशी येऊ नये म्हणून तेल गरम करून कोणी ओतले, हे बरणीवर लिहिलेले नसते. लोणच्याचे चालते. लोणचे संपते. लिहिलेल्या शब्दाचे तसे नाही.

मला हा प्रश्न पडला तो माईंच्या वह्यांमुळे. महाराज बाड्यापासून पायी पाच मिनिटांवर, सराफ्याच्या मागच्या गल्लीत माई राहत. लष्करात मराठी बोलणारी घरे शिंद्यांच्या काळापासून आहेत. माझ्या ओळखीत त्यांतली जैन घरे बोटांवर मोजण्याइतकी. मी स्वतः अमरावतीची, लग्न होऊन इकडे आले तेव्हा माईंनीच मला बाड्यावर भाजी घ्यायला शिकवले. त्या गेल्या तेव्हा मागे सहा वह्या होत्या. चाळीस वर्षांचे टिपण. व्रतांच्या कथा, चौमासात काय चालते काय नाही याच्या याद्या, भाज्यांचे भाव, स्वाध्यायात ऐकलेले, आणि मधूनच स्वतःशी बोलल्यासारखी दोन-चार वाक्ये. भाषा मराठीच, पण तिच्यात ग्वाल्हेरची हिंदी अशी मुरलेली, की ‘मी तिला पुष्कळ समजावली पण ती मानलीच नाही’ असे त्या बोलत तसेच लिहीत. त्यांच्या सुनेने वह्या माझ्याकडे आणून दिल्या. ‘काकू, तुम्ही बी. ए. झालेल्या. तुम्हीच बघा,’ म्हणाली.

बाड्यावर छपाईला तोटा नाही. हा चौकच मुळी तऱ्हेतऱ्हेच्या इमारतींनी वेढलेला: टाउन हॉल, पोस्ट, स्टेट बँक, आगीत जळून पुन्हा उभे राहिलेले व्हिक्टोरिया मार्केट, आणि त्यांच्याच सोबतीला सरकारी छापखान्याची इमारत. संस्थानच्या जुन्या पुस्तकांवर आलीजाह दरबार प्रेसचे नाव छापलेले असते. आता आसपासच्या गल्ल्यांत लग्नपत्रिका आणि बिलबुके छापणारी दुकाने आहेत. एका दुकानात मी पहिली वही दाखवली. तिथल्या मुलाने भराभर चार पाने टाइप करून दिली. दिसायला फार सुरेख. फक्त माईंचे ‘मानलीच नाही’ तिथे ‘मानी ही नहीं’ झाले होते. विचारले तर म्हणाला, ‘आंटी, ठीक कर दिया.’ मनाने चांगला मुलगा. पण ठीक केलेले कुठले आणि माईंचे कुठले, हे त्या सुरेख पानावर कुठेही दिसत नव्हते.

सुटीत माझी भाची आली होती, पुण्याला गणितात एम. एस्सी. करते. ती म्हणाली, ‘मावशी, तू हे लाटेकमध्ये कर.’ लाटेक म्हटल्यावर आमच्या मंडळातल्या एकीला रबराचे हातमोजे आठवले. ते लेटेक्स. हे वेगळे. ही पुस्तकाची पाने जुळवायची पद्धत आहे, गणिताची आणि विज्ञानाची मंडळी जगभर तीच वापरतात.

नेहमीच्या टायपिंगमध्ये आपण मथळा लिहितो, माउसने त्याच्यावर रंग ओढतो, ठळक करतो, मोठा करतो, मधोमध आणतो. म्हणजे त्या शब्दांना आपण सांगतो, ‘तू असा दिस.’ लाटेकमध्ये सांगायचे असते, ‘तू हा आहेस.’ एक उलटी तिरकी रेघ, तिला चिकटून ‘चॅप्टर’ हा शब्द आणि पुढे महिरपी कंसात मथळा. झाले. तो केवढा दिसेल, त्याच्या वर-खाली किती जागा सुटेल, हे फाइलच्या सुरुवातीला एकदाच ठरते. स्वयंपाकघरात ‘लाल झाकणाचा डबा दे’ म्हणणे आणि डब्यावर ‘हळद’ अशी चिठ्ठी लावणे यात जो फरक आहे, तोच. झाकण बदलले की पहिली ओळख गेली. चिठ्ठी राहते.

आपल्याकडे देह वेगळा आणि आत्मा वेगळा हे ओळखण्याला भेदविज्ञान म्हणतात. शब्द कोण आहे आणि तो कसा दिसतो हे वेगळे ठेवायला शिकताना मला तो शब्द आठवला खरा. पण तुलना फार ताणू नये. लाटेकने मोक्ष मिळत नाही, फार तर पीडीएफ मिळते. आणि तीही पहिल्या प्रयत्नात नाही. एक महिरपी कंस मिटायचा राहिला तर सगळे काम अडते. ओळ समासात मावली नाही तर प्रोग्रॅम निमूटपणे दाबून बसवत नाही. अमुक ओळ इतकी बाहेर गेली, असे बारीक मोजून नोंदवहीत लिहून ठेवतो. सुरुवातीला मला त्या नोंदींचा राग येई. पुढे बरे वाटू लागले. जमले नाही ते सांगणारा मदतनीस घरात मिळणे सोपे नाही.

याचा उगमही एका माणसाला आपल्या लिखाणाची जी काळजी वाटली, तिच्यात आहे. १९७७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्यापुढे त्यांच्या संगणकशास्त्रावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची, नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. आधीची आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली होती, नवी फोटोच्या तंत्राने. ती त्यांना इतकी कुरूप वाटली, की लिहिणे बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅमच करायला घेतला. वर्षभरात उरकेल असे वाटले होते, दहा वर्षे गेली. नाव ठेवले टेक. ग्रीक भाषेतल्या ज्या शब्दावरून ते आले त्याचा अर्थ कलाही होतो आणि कौशल्यही. पुढे १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर सोप्या आज्ञांचा थर चढवला, तो लाटेक. देवनागरीसाठी फ्रान्स व्हेल्थुइस या डच माणसाने १९९१ च्या सुमारास साधने केली. आता झीटेक आल्यापासून सरळ मराठीत टाइप करता येते, आज्ञासुद्धा मराठीत ठेवता येतात.

कनूथांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. त्यांच्या प्रोग्रॅममधली चूक कोणी दाखवली तर ते स्वतः चेक पाठवीत. सुरुवातीला २ डॉलर ५६ सेंट, मग दुप्पट दुप्पट होत ती रक्कम ३२७ डॉलर ६८ सेंटवर थांबली. पुष्कळांनी चेक वटवलेच नाहीत, चौकटीत बसवून भिंतीवर लावले. टेकच्या आवृत्तीचा आकडा दर दुरुस्तीबरोबर गणितातल्या ‘पाय’कडे एकेक अंक सरकतो: ३.१, ३.१४, ३.१४१ असा. आपल्या मृत्यूनंतर तो कायमचा ‘पाय’वर थांबवावा, मग राहिलेल्या चुकाही तशाच राहू द्याव्यात, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. कोणाला सुधारणा करायची असेल तर खुशाल करावी. मात्र त्या सुधारलेल्याला टेक म्हणू नये.

हे मी नीट लक्षात ठेवले.

भाचीने मला दोन आज्ञा बनवून दिल्या. एकीचे नाव ‘भर’, दुसरीचे ‘गळ’. वहीत नसलेला पण अर्थासाठी लागणारा शब्द मी घातला, की तो ‘भर’च्या महिरपी कंसात, छापून येताना त्याच्याभोवती चौकोनी कंस पडे. कागद गेला आहे आणि काय होते ते कळत नाही, तिथे ‘गळ’. छापताना मोकळी जागा आणि तळाशी टीप. शिवाय टक्क्याची खूण असते. त्या खुणेनंतर ओळीत जे लिहाल ते छापलेच जात नाही, फाइलमध्ये मात्र राहते. मी तिथे स्वतःसाठी लिहीत असे: ‘इथे शाई फिकी’, ‘हे अक्षर ब की व?’, ‘माईंचे हात या वर्षापासून थरथरू लागले होते’. फाइलला पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असते.

चार वह्या झाल्या. माझी भर ४१ ठिकाणी होती. ऱ्हस्व-दीर्घ मी सरसकट सुधारले, ते प्रत्येक ठिकाणी दाखवत बसले नाही. प्रस्तावनेत एका वाक्यात सांगितले. त्याने कोणाच्या म्हणण्यात फरक पडत नाही. ‘मानलीच नाही’ मात्र जसेच्या तसे.

चौथ्या वहीत एक पान आहे. दशलक्षण पर्वात माईंनी दहा उपवास केले त्या वर्षाचे. पारण्याच्या दिवशी कोण कोण आले, मिरवणूक कुठून निघाली, सासऱ्यांनी कौतुकाने काय दिले, सगळे तपशील. मग हे वाक्य: ‘ते दहा उपवास मनापासून’, आणि इथे कागदाचा कोपरा कसरीने खाल्लेला. पुढची ओळ: ‘पण घरात हे कोणाला बोलले नाही.’

गेलेल्या जागेत दोन-तीन अक्षरे मावतील. ‘होते’ मावते. ‘नव्हते’सुद्धा मावते.

माईंचा मुलगा क्षणभरही न थांबता म्हणाला, ‘होते. आई मनाविरुद्ध पाण्याचा घोटही सोडणारी नव्हती.’ मी म्हटले, ‘असेल भाईसाहेब, पण मग पुढचा ‘पण’ कशाला?’ ते म्हणाले, ‘आनंद बोलून दाखवला नाही, एवढाच अर्थ.’ तसाही अर्थ होतो, नाही असे नाही. सून तिथेच बसली होती. ती काही बोलली नाही, ते पान हातात घेऊन बघत राहिली.

एका गळलेल्या शब्दाने केवढे रान उठू शकते, हे आपल्या समाजाने एकदा पाहिले आहे, आणि तो प्रसंग माझ्या माहेरचा आहे. श्रुतपंचमीला आपण ज्या ग्रंथाचे स्मरण करतो तो षट्खंडागम शेकडो वर्षे कर्नाटकात मूडबिद्रीला ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत, बंद राहिला होता. दर्शन व्हायचे, वाचन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची नक्कल करायला सुरुवात झाली. नकलकारांत मिरजेचे गजपती शास्त्री होते. त्यांनी आणखी एक नक्कल गुपचूप घरी ठेवली, आणि तिच्यात मोठा हात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा होता. हे ग्रंथ लोकांनी वाचावेत अशी त्यांची तीव्र इच्छा होती. ती नक्कल बाहेर गेली, तिच्या नकला झाल्या, आणि १९३९ साली पहिला खंड छापून निघाला तो अमरावतीत. संपादक प्रा. हीरालाल जैन, तिथल्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवत. कामाला पैसा भेलशाच्या शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या निधीतून आला. भेलसा म्हणजे आजची विदिशा, तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात. माझे माहेर आणि सासर असे एका पुस्तकात भेटलेले पाहून मला उगीच आनंद होतो.

संपादकांपुढे ताडपत्रे नव्हती, नकलांच्या नकला होत्या. पहिल्या खंडातल्या ९३ व्या सूत्राशी ते अडले. तिथे स्त्रियांच्या गुणस्थानांचा विषय आहे. टीकेचा अर्थ लावता ‘संजद’, म्हणजे संयत, असा एक शब्द गळलेला वाटत होता. नकलांत तो नव्हता. शब्द लहान, पण स्त्रीला पूर्ण संयम शक्य आहे का, या फार जुन्या वादाची गाठ त्याला बांधलेली. त्यांनी शब्द सूत्रात घुसवला नाही, आणि गप्पही बसले नाहीत. खाली टीप दिली, की इथे हा शब्द राहून गेलेला दिसतो. त्यावर किती वाद झाले! लेख, प्रतिलेख, सभा. काहींना तो शब्द नको होता. काहींचे म्हणणे, असला तरी तो देहाने स्त्री असणाऱ्यांबद्दल नाही, भावाने स्त्रीवेदी असणाऱ्यांबद्दल आहे. शेवटी मूडबिद्रीची ताडपत्रे काढून बघितली गेली. शब्द तिथे होता.

अर्थाचा वाद त्यानेही मिटला नाही. मला त्यात शिरायचे नाही, तेवढा माझा अधिकारही नाही. मी बघते ती टीप. समजा, संपादकांनी शब्द खात्रीने बरोबर म्हणून गुपचूप आत घातला असता. तो बरोबरच होता, ताडपत्रांनी तसे दाखवले. पण मग ताडपत्रे बघायला कोणी गेलेच नसते. आणि पुढे कधी नकला जुळवल्या गेल्या असत्या तर खरा शब्द खोटा ठरून बाहेर पडला असता. टीप होती म्हणून शंका आली, शंका आली म्हणून तपासणी झाली. दुसऱ्याला तपासायला वाट ठेवायची असेल तर आपली भर वेगळी दिसलीच पाहिजे, ती कितीही बरोबर असो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ते १९६६ इतकी वर्षे ती चालली. तिच्यात पाठाची खात्री नाही तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ ओढलेली असते. एवढ्या विद्वानांना खात्री नाही म्हणायला लाज वाटली नाही. असल्याच कामासाठी टेकवर साधने निघाली तेव्हा ती करणाऱ्यांत डॉमिनिक वुयास्तिक हे संस्कृतचे अभ्यासक होते, यात मला काही नवल वाटले नाही.

आणि हे पुस्तकांतच असते असेही नाही. आमच्या किल्ल्यावर उरवाई घाटीत तोमर राजांच्या वेळच्या, पंधराव्या शतकातल्या तीर्थंकरमूर्ती आहेत, सर्वांत मोठी सुमारे ५७ फूट. बाबराने त्या फोडायला लावल्या, आपल्या आत्मचरित्रात त्याने ते लिहिलेही आहे. पुढे जैनांनी बऱ्याच मूर्तींची मस्तके रंगीत गिलाव्याने पुन्हा घडवली. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम यांनी तशी नोंद केली. म्हणजे धड दगडाचे आणि मस्तक गिलाव्याचे, हे बघणाऱ्याला कळत होते. त्याने कोणाच्या भक्तीत उणे आले नसावे.

इतके सगळे मी भाईसाहेबांना सांगितले नाही. थोडे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि जे उत्तर दिले त्याने मला आठवडाभर झोप लागली नाही. म्हणाले, ‘वहिनी, कंस ठेवा, हरकत नाही. पण त्या एका जागी तुम्ही मोकळे सोडलेत तर वाचणारा तिथे ‘नव्हते’च भरणार. बायका कुजबुजतील, हिच्याकडून जबरदस्तीने उपवास करवले म्हणून. आजोबा गेले, आई गेली, उत्तर द्यायला कोणी नाही. तुमचे खरे आम्हाला लागणार.’

रिकामी जागा निष्पाप नसते, हे त्यांचे म्हणणे खरे होते. आणि आपल्या धर्मात सत्य अहिंसेच्या धाकात आहे. श्रावकाने असे खरेही बोलू नये, की ज्याने दुसऱ्यावर संकट येईल, असे समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगितले आहे. मग माझा ‘गळ’ म्हणजे हिंसाच नाही का? आपल्यातल्या किती घरांत उपवासाची संख्या ही घराची शोभा असते, आणि करणारीला विचारले जात नाही, हे आपण सगळ्या जाणतो. पण माईंच्या घरात तसे होते, हे मला ठाऊक नाही. माझा अंदाज मला आहे. तो मी टक्क्याच्या खुणेपुढेसुद्धा लिहिलेला नाही.

विचार करता करता एक गोष्ट सुटी झाली. लागेल असे खरे न बोलण्याची मुभा व्रत मला देते. पण त्यासाठी माईंच्या तोंडी शब्द घालण्याची मुभा त्यात कुठे आहे? न बोलणे ही माझी गोष्ट झाली. ‘होते’ म्हणणे ही माईंची. म्हणून मी भाईसाहेबांना म्हटले, ‘तुम्हाला ते पान नकोच असेल तर वगळू. वह्या तुमच्या घरच्या आहेत. इथे एक पान वगळले, एवढे फक्त लिहू.’ त्याला ते तयार होईनात. दहा उपवासांचे पान, मिरवणुकीचे पान, तेच तर सगळ्यांना दाखवायचे होते.

मंडळातल्या बायकांची तक्रार निराळी. सामूहिक वाचन करताना कंस डोळ्यांत खुपतात, म्हाताऱ्यांना अडखळायला होते. यात तथ्य होते. लिहिणारीचा मान राखताना वाचणारीला ताप देणे काही बरे नव्हे. मी फाइलच्या सुरुवातीला जाऊन ‘भर’ची एक ओळ बदलली आणि ४१ ठिकाणचे कंस एकदम बारीक, फिकट झाले. वाचायला आडवे येत नाहीत, शोधणाऱ्याला सापडतात. पण तेव्हाच अंगावर काटा आला. त्याच ओळीतले दोन कंस पुसले असते तर ४१ ठिकाणची माझी वाक्ये माईंची झाली असती. हाताने करायचे असते तर ४१ वेळा मनाला विचारावे लागले असते, कुठेतरी हात थांबला असता. इथे खोटे एकदाच बोलायचे, तेही एका कळीने. ही पद्धत माणसाला प्रामाणिक करते असे भाची म्हणते. मला वाटते, ती कोणाला काही करत नाही. आपण काय आहोत ते एका ओळीत आणून ठेवते, इतकेच.

निर्णय शेवटी सुनेने केला. मुद्रिते बघायला तिघे बसलो होतो. ते पान आले तसे भाईसाहेब माझ्याकडे बघू लागले. ती म्हणाली, ‘जागा राहू द्या. सासूबाईंनी वही कोणाला वाचू दिली नाही, पण फाडलीही नाही.’ त्यावर त्यांनी काही म्हटले नाही. तळटीप मात्र माझ्याकडून पुन्हा लिहून घेतली, आणि ते योग्यच झाले. माझ्या आधीच्या टिपेत ‘मजकूर नष्ट’ असे होते, आता आहे ते असे: ‘येथे कागदाचा कोपरा कसरीने खाल्ला आहे, दोन ते तीन अक्षरांची जागा.’ जेवढे डोळ्यांना दिसते तेवढेच.

पुस्तकावर माझे नाव कसे घालायचे, यावर उगीच घोळ झाला. मला नको होते. मग लक्ष्मीबाई आठवल्या. संपादकांनी प्रस्तावनेत त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या म्हणून आज त्यांचा हात आपल्याला माहीत. नाहीतर ती नक्कल फक्त गजपती शास्त्रींची राहिली असती. जुने लेखनिकही पोथीच्या शेवटी आपले नाव, गाव, तिथी लिहीत, आणि पुढ्यातल्या प्रतीत होते तसे उतरवले, दोष माझ्यावर ठेवू नका अशा अर्थाची विनवणी करीत. तो गर्व नसे. चूक कोणाकडे विचारायची, याचा तो पत्ता असे. म्हणून शेवटच्या पानावर, लहान अक्षरात, ‘वह्या उतरवून घेतल्या’ असे लिहून माझे नाव आहे.

दोनशे प्रती बाड्यावरच्याच त्या दुकानात छापल्या. मुलगा पीडीएफ चाळताना थांबला. ‘आंटी, यहाँ कुछ छूट गया है.’ मी म्हटले, ‘हो, ते तसेच ठेव.’

मूळ फाइल पेनड्राइव्हवर घालून मी सुनेला दिली. ‘भर’ कुठल्या ओळीत आहे, ‘गळ’ कुठल्या, तेही कागदावर लिहून दिले. पुढे घरात कोणाला बदलावेसे वाटले तर बदलता येईल, माझी ना नाही. अट एवढीच, की मग शेवटच्या पानावरचे माझे नाव काढायचे. ती हसली. म्हणाली, ‘काकू, अजून दोन वह्या आहेत.’ पाचवीवर कधीतरी पाणी सांडले आहे, शाई पसरून पाठच्या पानावर उतरली आहे. भिंग आणले आहे. दिवसाला अर्धे पान होते.